जिना, खालून

साहेब, हे पाप तुमचं आहे. रापराव, आयझेलेबाई, ल्योर्शर नवरा-बायको हे शेजारी, त्या आठ वर्षांच्या पोरीची चित्रकलेची बाई, कुणाचंच नाही. तुमच्या घरसंस्थेच्या कचेरीत गरम हीटरपाशी बसून तुम्ही घरांचे नियम लिहिलेत आणि त्यात एक ओळ घातलीत: "जिन्याची झाडूपाळी शेजाऱ्यांच्या लक्षात येईल अशा रीतीने पार पाडावी." लक्षात येईल अशा रीतीने! जिना स्वच्छ व्हावा, असं काही तुम्ही लिहिलं नाहीत. ते लिहायला शाई संपली होती का? त्या एका ओळीनं श्टुटगार्टच्या पूर्वेकडच्या चढावरच्या एका चार मजली घरात काय झालं, ते आता वाचकांच्या देखत ऐका.

त्या घरात दुसऱ्या मजल्यावर डॉर्टे टीसेन राहते. कीलची, म्हणजे पार उत्तरेची, समुद्राकडची. बस चालवते. एक मुलगी रिके, एक दोन वर्षांचा मुलगा ओले, आणि घर दीड खोलीचं. ओले पाळण्यात, पाळणा अर्ध्या खोलीत, रिकेची गादी स्वयंपाकघराच्या कोनाड्यात आणि डॉर्टे सोफ्यावर. रिके धुण्याच्या मशीनवर वही ठेवून चित्रं काढते. मशीन पिळायला लागलं की रेघ थरथरते. एकदा तिनं घोडा काढला तर त्याला हुडहुडी भरली.

अशात चौथ्या मजल्यावरची तीन खोल्यांची जागा रिकामी झाली. तिथल्या म्हाताऱ्या बाई मुलीकडे राहायला गेल्या. डॉर्टेनं अर्ज केला. जागा द्यायची की नाही, हे दोन गोष्टींवर ठरणार होतं: शेजाऱ्यांचं मत आणि कचेरीची पाहणी. रिकेनं लगेच विचारलं, "आई, तिथं माझ्या खोलीला दार असेल?"

"असेल."

"बंद होणारं?"

"बंद होणारं. पण आधी शेजाऱ्यांनी चांगलं बोलायला हवं गं आपल्याबद्दल."

इथंच घोडं अडलं होतं. झाडूपाळीची लाकडी पाटी दर सोमवारी एका दारावरून दुसऱ्या दारावर जाते. ज्याच्या दाराला पाटी, त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा. डॉर्टेची बस पहाटे सुटते आणि ती घरी येते दुपारी एकला. तीनला ओलेला पाळणाघरातून आणायचं. मधले दोन तास तिचे. पण एक ते तीन घरात शांतता पाळायची, हाही तुमचाच नियम, साहेब! म्हणून ती बिचारी नुसत्या मोज्यांवर झाडायची. बादलीची कडी वाजू नये म्हणून तिला फडकं गुंडाळायची. जिना लख्ख व्हायचा आणि कुणाला पत्ता लागायचा नाही.

"टीसेनबाई, पाटी तुमच्या दाराला आहे म्हणे या आठवड्यात," तळमजल्यावरच्या आयझेलेबाई दारातूनच म्हणाल्या. त्या घराच्या नसलेल्या अध्यक्षा आहेत. त्यांना कुणी नेमलेलं नाही, त्यामुळे काढताही येत नाही.

"हो ना. कालच झाडला. पुसलासुद्धा."

"अस्सं? मला तर काही ऐकू आलं नाही बाई."

"दुपारची वेळ होती. शांततेचा नियम..."

"नियम मला नका सांगू. रापराव झाडायला लागले की माझ्या कपाटातल्या कपबशा हलतात. त्याला म्हणतात झाडणं! तुमची पाळी आली की जिना मुका होतो. तुमच्या उत्तरेत समुद्राचं पाणी आपोआप येऊन धुऊन जात असेल, इकडे तसं नसतं."

"बाई, हात फिरवून बघा ना कठड्यावरून. धूळ आहे का?"

"मी कशाला हात घाण करू?" म्हणत आयझेलेबाईंनी दार लावलं.

त्याच सुमारास शाळेत चित्रकलेच्या मुटलरबाईंनी नवीन टूम काढली. रोजच्या वस्तूला नव्या कोनातून भेटायचं. "वरून, खालून, आतून! जिथून कुणी बघत नाही तिथून बघा!" मुलं कामाला लागली. एकानं चहाची किटली आतून काढली; पूर्ण काळा कागद आणि वर नळीएवढा उजेड. एकीनं दातांच्या बाजूनं ब्रश काढला. एका पोरानं बापाला वरून काढलं आणि बापाला आपल्या टकलाची खबर पालकसभेत सगळ्यांबरोबर कळली. तो अजून मुटलरबाईंशी बोलत नाही.

रिकेनं जिना निवडला. तो जुना लाकडी जिना आहे, दोन पायऱ्यांच्या मधे फट असलेला. खाली बाबागाड्या आणि सायकली ठेवतात, तिथं ती पाठीवर झोपायची आणि फटींतून वर बघत काढायची. शाळेतून आल्यावर रोज अर्धा-पाऊण तास आणि शनिवारी सकाळी सगळा वेळ. डॉर्टेला वाटलं, बरं झालं, मशीनवरून तरी उतरली.

चित्र पुरं झालं तेव्हा रिकेनं ते आईपुढे धरलं. डॉर्टेनं हातातला बटाटा खाली ठेवला.

चित्र छान होतं, हीच तर पंचाईत. पायऱ्यांच्या फळ्या खालून, त्यांना चिकटलेलं च्युइंगगम, कोपऱ्यात एक कोळी. आणि मधल्या दोन फटींतून दिसत होतं असं: करड्या लोकरी सपातांचे दोन तळवे. त्यांच्या मधे बादलीचं बूड. पायरीवर टेकलेला, फळीच्या कडेवरून ओघळलेला एक ऐसपैस पार्श्वभाग. शेजारी कॉफीच्या कपाचा तळ. आणि एक झाडू, उलटा धरलेला, दांड्यानं कठड्याला ठोकणारा. ठोकण्याचा आवाज दाखवायला रिकेनं तिथं छोट्या छोट्या रेघा काढल्या होत्या. झाडूचे केस वर हवेत, कोरे करकरीत.

"रिके, हे काय आहे?"

"झाडूपाळी. खालून."

"अगं, हे... हे बसलेलं माणूस कोण?"

"मी खाली होते ना आई. खालून तोंड दिसत नाही."

डॉर्टेनं आधी दार लावून घेतलं. कुणाचं का असेना, हे चित्र बाहेर पडलं तर शेजाऱ्यांचं मत गेलं, चौथा मजला गेला, पोरीचं दार गेलं. घरातल्या सगळ्यांच्या सपाता सारख्या. मागच्या हिवाळ्यात कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्त लागल्या होत्या तेव्हा सगळ्यांनी एकदमच घेतल्या. झाडू आणि बादली घराची सामाईक. ओळखायला काही जागा नव्हती, पण नुसत्या संशयानंच आयझेलेबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं.

"बाळा, तू किटली काढ ना. वरून काढ. झाकणासकट."

"किटली सगळ्यांनीच काढलीय."

"मग सपाता तेवढ्या खोड. आणि ते... ते बूड."

"मग काय उरेल त्यात? मला जे दिसलं ते मी काढलं. तूच म्हणतेस ना, खोटं बोलू नकोस म्हणून?"

आईबापांना मुलांसमोर स्वतःचेच शब्द गिळावे लागतात. डॉर्टेनंही गिळले आणि दुसऱ्या दिवशी रिके चित्र शाळेत देऊन आली. डॉर्टे बस डेपोत लावून तशीच गणवेशात शाळेत धावली.

"मुटलरबाई, माझ्या मुलीचं चित्र मला परत द्या. घरी अडचण होईल."

"परत? अहो, ते मी नगरघराच्या सभागृहातल्या प्रदर्शनाला पाठवलंसुद्धा!" मुटलरबाईंचे डोळे पाणावले होते. त्यांचे डोळे सहज पाणावतात, तो त्यांच्या नोकरीचाच भाग आहे. "काय ताकद आहे त्या चित्रात! ती एकाकी आकृती पाहिलीत? दोन पायऱ्यांच्या मधे अडकलेला आधुनिक माणूस. वर जाता येत नाही, खाली येता येत नाही!"

"बाई, तो माणूस कॉफी पितोय."

"तेच! तेच तर म्हणतेय मी!"

तिथून डॉर्टे रिकाम्या हातानं परतली. घरी पोचते तो जिन्यात आयझेलेबाई हसतमुखानं उभ्या. त्यांना आधीच कळलं होतं. "आपल्या घरातल्या मुलीचं चित्र नगरघरात! आणि विषय काय, तर आपला जिना! टीसेनबाई, बोलला नाहीत ते? आम्ही सगळे जाणार रविवारी. रापराव तर टाय घालणार आहेत."

"नका येऊ हो. लांब आहे. पाऊसही सांगितलाय."

"छत्री आहे माझ्याकडे," आयझेलेबाई म्हणाल्या.

रविवारी सगळं घर नगरघरात. टायमधले निवृत्त पोस्टमन रापराव, तिसऱ्या मजल्यावरचे कर सल्लागार ल्योर्शर आणि त्यांची बायको, पुढे छत्री घेतलेल्या आयझेलेबाई. त्या वाटेतल्या लोकांना सांगत होत्या, "आमचा जिना आहे तो. आमच्या घरातला." चित्रापाशी पोचल्या आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

रापराव टाय सैल करायला लागले. ल्योर्शर चष्मा पुसू लागले; पुसला, घातला, पुन्हा काढून पुसू लागले. त्यांची बायको शेजारची आतून काढलेली किटली फार मन लावून बघू लागली. एक अनोळखी गृहस्थ चित्र बघून खो खो हसले आणि म्हणाले, "आमच्या गल्लीतलं वाटतंय!" तेव्हा चौघंही एकदम दाराकडे निघाले. डॉर्टे ओलेला कडेवर घेऊन भिंतीशी उभी. तिनं मनातल्या मनात चौथ्या मजल्याचा निरोप घेतला.

संध्याकाळी बेल वाजली. दारात रापराव, हातात बेलफळासारख्या पिवळ्या फळाच्या जेलीची बरणी.

"टीसेनबाई, जरा आत येऊ? हळू बोलतो." ते आले आणि उभेच राहिले. "हे बघा, माझा गुडघा. जिन्यावरून चढउतार करून चाळीस वर्षं पत्रं वाटली. आता वाकवत नाही. म्हणून त्या दिवशी जरा टेकलो होतो. जराच. पोरीला सांगा, नाव नको घेऊस म्हणून. तुमच्या जागेबद्दल मी कचेरीला सांगतो, या बाईसारखी भाडेकरू साऱ्या शहरात नाही."

डॉर्टे काही बोलायच्या आत ते गेले. तिला वाटलं, चला, निदान आयझेलेबाई तरी नव्हत्या. एवढ्यात बेल वाजली. ल्योर्शर, बटाट्याच्या सॅलडचं भांडं घेऊन.

"बायकोला माहीत नाही मी आलोय ते. हिशेबाचे दिवस होते हो, डोकं भणभणलं होतं. मी आपला बसून ठोकलं. बायकोला वाटतं मी झाडतो. तिला कळलं तर..."

"पण ल्योर्शरसाहेब..."

"तुमच्या अर्जाला माझा पाठिंबा. पूर्ण. लेखी!"

ते वर जाऊन पाच मिनिटं झाली नसतील, त्यांची बायको खाली. तिच्याकडेही बटाट्याचं सॅलड, त्याच मोठ्या पातेल्यातलं, फक्त भांडं निराळं.

"यांना सांगू नका हं. त्यांना वाटतं पाळीच्या अर्ध्या वाट्याचं मी झाडते. माझी नखं अशी, बघा ना! मी नुसती वाजवते. पण त्या चित्रात मी एवढी जाड दिसते का हो?"

शेवटी आयझेलेबाई आल्या. हातात ताज्या गोड पावाची वेणी, वर साखरेचे खडे. त्या आत आल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. त्यांना कुणाची विनवणी करायची सवय नव्हती.

"टीसेनबाई, माझ्या सासूबाईंनीच शिकवलं मला. म्हणाल्या, बाई, या घरात धूळ कुणी बघत नाही, कान देऊन बसतात. बादली आपटत जा. पन्नास वर्षं आपटतेय. आता तुमच्या मुलीनं..." त्या पावावरचे साखरेचे खडे नीट करू लागल्या. "ती माझं नाव घेणार नाही ना?"

"तिनं कुणाचंच नाव घेतलेलं नाही, बाई."

"चौथ्या मजल्यावर सकाळचं ऊन छान येतं," आयझेलेबाई म्हणाल्या आणि पाव ठेवून गेल्या.

डॉर्टेनं दार लावलं. टेबलावर जेली, दोन भांडी सॅलड आणि एक वेणी. तिनं रिकेला समोर बसवलं. "खरं सांग. कोण होतं ते?"

"सगळेच," रिके पाव तोडत म्हणाली. "एका दिवसात कसं होईल एवढं मोठं चित्र? महिनाभर काढत होते. दर आठवड्याला बसणारं माणूस बदलायचं. बाकी काहीच बदलायचं नाही. कप तिथंच, झाडू तसाच. म्हणून तर एवढं नीट जमलं."

"आणि माझ्या आठवड्यात?"

"तुझ्या आठवड्यात चित्र पुढं गेलंच नाही. एक शनिवार सोडला तर तू दुपारी, मी शाळेत असतानाच झाडायचीस, आणि त्या शनिवारी तू सारखी हलत होतीस."

डॉर्टे इतकी हसली की ओले घाबरून रडायला लागला.

आता साहेब, तुमची एंट्री. पाहणीच्या दिवशी तुम्ही आलात. करडा कोट, काखेत फाइल. पाठिंब्याची पत्रं आधीच पोचली होती, सगळी एका सुरातली. तुम्ही सगळ्यांना जिन्यात उभं केलंत. कठड्यावरून बोट फिरवलंत. पाटी त्या आठवड्यात डॉर्टेच्या दाराला होती. बोट स्वच्छ निघालं. तुम्ही ते उजेडात धरून पुन्हा पाहिलंत, जणू बोटानंच फसवणूक केली होती.

"टीसेनबाई झाडूपाळी पाळतात?"

"उत्तम!" चौघांनी एकदम सांगितलं.

"लक्षात येईल अशा रीतीने?"

चौघं एकमेकांकडे पाहू लागले.

"म्हणजे मी विचारतोय, त्यांना झाडताना कुणी ऐकलंय?"

रापरावांनी गुडघ्याकडे पाहिलं. ल्योर्शर चष्मा पुसू लागले. आयझेलेबाईंच्या तोंडून हो निघता निघेना. तुम्हाला हे कळायचं नाही, साहेब, पण ही माणसं तशी सरळ आहेत. खोटं वाजवणं निराळं आणि कचेरीच्या माणसासमोर खोटं बोलणं निराळं. ते त्यांना जमलं नाही.

"ऐकलं नाही," आयझेलेबाई शेवटी पुटपुटल्या. "पण जिना स्वच्छ असतो हो."

"स्वच्छ आहे, ते दिसतंय मला. पण तो कुणी स्वच्छ केला याचा पुरावा काय?"

"मी केला," डॉर्टे म्हणाली. "दुपारी. शांततेचा नियम आहे ना तुमचा, म्हणून आवाज न करता."

"शांततेचा नियम वेगळ्या पानावर आहे," तुम्ही म्हणालात. "त्याचा इथं संबंध नाही. अर्ज तूर्त राखून ठेवतो. पुढच्या पाळीला पुन्हा येईन." आणि तुम्ही स्वच्छ जिना उतरून गेलात. येताना न पुसलेल्या बुटांनी.

रिके त्या रात्री कोनाड्यात भिंतीकडे तोंड करून झोपली. रडली नाही. तेच डॉर्टेला जास्त लागलं.

थोड्या दिवसांनी चित्र प्रदर्शनातून परत आलं, कोपऱ्यात तिसऱ्या बक्षिसाची फीत लावून. डॉर्टेनं ते स्वयंपाकघरात टांगलं. बटाटे सोलता सोलता ती ते बघायची. नुसतं कौतुकानं नव्हे. बस चालवायला शिकताना माणूस जसा दुसऱ्याच्या हाताकडे बघतो तसं. कप उजवीकडे, लगेच हाती येईल असा. बादली दोन पायांच्या मधे, म्हणजे गुडघ्यानं हलवता येते. झाडू उलटा, दांडा कठड्याच्या लोखंडी पट्टीवर, कारण लाकडावर नाद येत नाही. रिकेनं सगळं बरोबर टिपलं होतं.

पुढची पाळी आली. डॉर्टेनं शनिवारी सुट्टी टाकली. सकाळी दहाला ती करड्या सपाता घालून दोन मजल्यांच्या मधे बसली, कॉफी ओतली आणि ठोकायला सुरुवात केली. बाईचे दंड बसच्या चाकावर तयार झालेले. पहिल्या ठोक्याला रापरावांच्या घरातलं घड्याळ बंद पडलं. दुसऱ्याला आयझेलेबाईंच्या कपाटातली एक बशी खाली आली.

"वा! टीसेनबाई, वा!" फुटकी बशी हातात घेऊन आयझेलेबाई खालून ओरडल्या. "आज ऐकू आलं हो!"

"कसं काय, जमतंय का?" रापरावांनी दार किलकिलं करून विचारलं.

"दांडा जरा जड पडतोय."

"मधोमध धरा. मनगट सैल!" पोस्टमन तो, हात हलका ठेवायची विद्या त्याच्याकडे होती.

तुम्ही त्याच वेळी रस्त्यावरून येत होतात. दाराबाहेर थांबलात, कान दिलात, फाइल उघडलीत आणि जिन्याची एक पायरीही न चढता सही केलीत. वर शेरा मारलात: "उल्लेखनीय सुधारणा." चौथ्या मजल्याची किल्ली आयझेलेबाईंच्या हाती देऊन तुम्ही परत गेलात.

रिकेला खोली मिळाली. खोलीला दार आहे. पहिल्या दिवशी तिनं ते इतक्यांदा लावलं आणि उघडलं की ओलेला तो खेळच वाटला. सगळं चांगलं झालं, असं म्हणून एखादा शहाणा इथं थांबला असता. मी थांबणार नाही. कारण आता त्या घरात सगळीच बिऱ्हाडं वाजवतात. डॉर्टेही. तिला दोष देणारा मी कोण? दुपारी दोन तास तिला प्रथमच झोप मिळते. जिन्यावर मात्र धुळीचा थर चढलाय, कोपऱ्यात च्युइंगगम आणि वरच्या बाजूलाही कोळी. आणि तुमच्या कचेरीकडून घराला अभिनंदनाचं पत्र आलंय.

परवाच्या शनिवारी डॉर्टे कॉफीचा कप घेऊन बसली होती. खाली बाबागाड्यांमधे रिके पाठीवर झोपून काढत होती. फटीतून तिनं हाक मारली.

"आई, आता तू छान स्थिर बसतेस गं. चित्र भराभर होतंय."

"काढ, राणी."

"आई, मी मोठी झाले आणि पाटी माझ्या दाराला आली, की मी झाडायचं का वाजवायचं?"

डॉर्टेचा दांडा हवेतच राहिला. काय बोलणार? झाड म्हणावं तर पोरीची जागा जाते आणि वाजव म्हणावं तर पोरच हातची जाते. पोरगी अजून तिथंच आहे, साहेब, पेन्सिल हातात धरून. प्रश्न आईला विचारला असला तरी तो तुमचा आहे. तेव्हा कचेरीतून उठा, या घरी या, त्या धुळीत तिच्या शेजारी पाठीवर आडवे पडा आणि तिच्या तोंडावर सांगा: तिनं काय करायचं?